मिठीचा फोटो

४ फेब्रुवारी

वही ठेवायची ही फोटोग्राफीच्या कोर्सच्या सरांची कल्पना. "फोटोग्राफरने रोज चार ओळी लिहाव्यात, म्हणजे आपण काय बघतो ते आपल्याला कळतं," असं ते पहिल्या दिवशी म्हणाले. त्यानंतर ते फारसं काही बोललेलेच नाहीत. असाइनमेंट फळ्यावर लिहितात. फोटो दाखवला की चष्मा कपाळावर ढकलून बराच वेळ बघतात आणि म्हणतात, "हं." चांगल्या फोटोला हं, वाईट फोटोलाही हंच. आम्ही त्यांना हुंकारसर म्हणतो. पुढच्या बाकावरची मंडळी सांगतात की दोन 'हं'मध्ये फरक असतो, पण ती मंडळी काहीही सांगतात.

वही कुणी तपासणार नाही हे नक्की कळलं, म्हणून खरं लिहिते. माझ्याकडे नजर आहे. गर्वाने नाही म्हणत, असते एकेकाला. बाकीचे कॅमेऱ्याची बटणं दाबतात, मी बघते. घरात याची कुणाला किंमत नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगाच नाही.

ह्या सत्रातली पहिली असाइनमेंट होती 'काम करणारा हात'. मी बाबांचा काढला, काच कापताना. आमचं फोटोंना चौकटी करून द्यायचं दुकान आहे. आमचं म्हणजे अर्धं. मी शाळेत होते तेव्हा कुणाच्या तरी लग्नाचा भलामोठा फोटो फ्रेम करून दिला आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत काच चौकटीतून निसटून फुटली. बाबा म्हणाले, चौकट मोठी झाली. काका म्हणाला, काच लहान कापली. चौकट काकाची, काच बाबांची. तेव्हा दोघा भावांत जे फाटलं ते फाटलंच, आणि दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली.

गंमत अशी की बाबांना लाकडाचा कोपरा जुळवता येत नाही आणि काकाला काच कापता येत नाही. त्यामुळे धंदा अजून दोघांचा मिळूनच चालतो. भिंतीच्या तळाशी बोटभर फट आहे. बाबा तिच्यातून मापाची चिठ्ठी सरकवतात, चौकट तयार झाली की काका प्लायवर दोनदा टकटक करतो, आणि गिऱ्हाईक त्या दारातून चौकट घेऊन ह्या दारातून आत येतं. बोलणं शून्य. बाबा काकाला 'पलीकडचे' म्हणतात, काका बाबांना 'पलीकडचे' म्हणतो. नवं गिऱ्हाईक बिचारं फुटपाथवर उभं राहून विचार करतं की आपण नेमके कुठे आहोत.

सर फोटो बघून म्हणाले, "हं."

९ फेब्रुवारी

दुसरी असाइनमेंट 'सीमारेषा'. ही तर देवानेच पाठवली. बाकीचे कुंपणं आणि रस्त्यावरचे पट्टे शोधत फिरले, मी आमच्या प्लायला दोन्ही बाजूंनी टिपलं.

बाबांच्या बाजूला प्लायवर काचेच्या पट्ट्या टेकवलेल्या, काकाच्या बाजूला काटकोन तपासायचा गुण्या आणि करवती टांगलेल्या. काका कानावर पेन्सिल खोचून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "साहेब, पलीकडून काढला का?" मला तो साहेब म्हणतो.

"काढला."

"कुठली बाजू बरी आलीय?"

"दोन्ही बऱ्या आहेत काका."

"तसं नसतं. कुठलीतरी एक बरी असतेच. आपण परत काढू."

घरी आल्यावर बाबांनी अगदी हेच विचारलं. फक्त 'आपण परत काढू' असं न म्हणता "उद्या मी काचा पुसून ठेवतो" म्हणाले.

१५ फेब्रुवारी

शेवटची असाइनमेंट लागली, वर्षाचे निम्मे गुण तिच्यावर. फळ्यावर सरांनी लिहिलं: 'एकदाच घडणारी गोष्ट.' खाली अटी. फोटो फिल्मवर काढायचे, डिजिटल नाही. प्रत्येकाला छत्तीस फोटोंचा एकच रोल, डब्यावर सरांची सही. आणि अधोरेखित करून: 'मांडणी केलेली चालणार नाही.' म्हणजे माणसांना उभं करा, हसा म्हणा, असलं काही नको.

मग त्यांनी रोल कॅमेऱ्यात कसा घालायचा ते दाखवलं. मी तेव्हा मागच्या बाकावर 'क्षण आणि चिरंतन' यावर टिपण लिहीत होते. छान सुचत होतं.

कॅमेरा घरात आहे. बाबा आणि काका तरुणपणी दोघांत मिळून वापरायचे तो. वाटण्यांमध्ये कॅमेरा आमच्याकडे आला आणि त्याची चामड्याची पेटी काकाकडे गेली. आईने तो इतकी वर्षं उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवला होता. संध्याकाळी मी रोल घातला, मागचं झाकण लावलं. बाबा पेपर वाचत होते, म्हणजे पेपर धरून माझ्याकडे बघत होते.

"चाक फिरतंय ना, बघ."

"बाबा, मला कोर्समध्ये शिकवलंय."

"तसं नव्हे, डाव्या अंगाचं ते चाक…"

"बाबा."

"बरं," म्हणाले आणि पेपर उलटला. वडीलधाऱ्यांना जुन्या वस्तू हाताळताना बघून भरून येतं, मग ते काहीही बोलतात. आपण समजून घ्यावं.

आता एकदाच घडणारी गोष्ट शोधायची. आमच्या घरात सगळं रोजच घडतं.

२२ फेब्रुवारी

घडली!

आत्या आली. बाबा आणि काकाच्या मधली बहीण, लांब राहते, फार वर्षांनी आली. सामान घेऊन थेट दुकानावर गेली, शेजारच्याकडून खुर्ची मागून घेतली आणि फुटपाथवर दोन दारांच्या बरोबर मध्ये बसली.

"ह्याच्याकडे जेवले तर तो रुसणार, त्याच्याकडे जेवले तर हा. मी आपली इथेच बसते. उपाशी. शुगरच्या गोळ्या पर्समध्ये आहेत, बघा काय ते."

आईने फोन केला आणि मी कॅमेरा घेऊन धावले. दुपार कलली तरी आत्या बसलेलीच. गिऱ्हाइकं तिला पाणी आणून देत होती. शेवटी बाबा फडका झटकायला बाहेर आले आणि त्याच वेळी काका भुसा झाडायला बाहेर आला. दोघं समोरासमोर, एकाच्या हातात फडका, एकाच्या हातात केरसुणी. आत्या उठली, मध्ये जाऊन उभी राहिली, एक हात बाबांच्या पाठीवर, एक काकाच्या. आणि पुढच्या क्षणी दोघांची मिठी! केरसुणी बाबांच्या पाठीवर तशीच. काका लहान मुलासारखा हुंदके देत होता आणि बाबा सारखं "अरे, अरे" एवढंच म्हणत होते. आई आणि काकू दोन दारांत उभ्या राहून डोळे पुसत होत्या. मीही रडले, पण बोट थांबवलं नाही. खरा फोटोग्राफर आधी बटण दाबतो, मग रडतो.

एक विशेष गोष्ट. रोल छत्तीसचा, पण माझे छत्तीस झाले, सदतीस झाले, चाळीस झाले तरी रोल संपेना. सरांनी मला मोठा रोल दिला असणार. बाकी कुणाला असा मिळाल्याचं ऐकलं नाही. त्या 'हं'मध्ये काहीतरी होतं हे मला वाटतच होतं. गुंडाळतानाही फिल्म काय हलकी फिरली! दोन गिरक्यांत काम झालं.

आत्या आमच्याकडे जेवली आणि मग काकाकडे जाऊन परत जेवली. निघताना हुकूम सोडून गेली: ह्या मिठीचा फोटो मोठा करायचा, धाकट्याने चौकट करायची, दादाने काच कापायची, आणि दुकानाच्या दोन दारांमधल्या खांबावर ज्या दिवशी तो लागेल त्या दिवशी प्लाय काढायचं. दोघांनी मान डोलावली.

२४ फेब्रुवारी

बाबा जेवताना म्हणाले, "शेवटी धाकटाच आला पुढे. मी आपला उभा होतो."

दुपारी काकाकडे गेले तर तो काकूला सांगत होता, "दादाच आला गं पुढे. मोठा आहे ना, शेवटी मन मोठं."

मी दोन्हीकडे म्हटलं, फोटोत दिसेलच.

२५ फेब्रुवारी

लिहायला नको वाटतंय, पण लिहिते.

लॅबवाल्याकडे रोल दिला. आमच्या दुकानाच्या रस्त्यालाच त्याची लॅब आहे, त्याच्याकडचे मोठे फोटो आमच्याकडेच फ्रेमला येतात. त्याने रोल हातात घेतला आणि म्हणाला, "हा कोरा कशाला दिलास? काढलेला दे."

"हाच काढलेला."

त्याने रोल माझ्या डोळ्यांसमोर धरला. डब्यातून फिल्मची जीभ बाहेर डोकावत होती; काढून झालेल्या रोलची ती आत गेलेली असते. मग त्याने माझा कॅमेरा घेतला आणि डाव्या बाजूला वर असलेलं छोटं चाक दाखवलं. "फिल्म आतल्या दांड्यात अडकली नाही की ती जागची हलत नाही. आपण आपले फोटो काढत राहतो. कॅमेरा काय, तो नुसते आकडे मोजतो, शंभरपर्यंत मोजेल. फिल्म पुढे सरकतेय का ते ह्या चाकावरून कळतं. दर फोटोला हे फिरलं पाहिजे. तुझं फिरलंच नसणार."

म्हणजे एकही फोटो नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मी त्याच्या काउंटरवर डोकं ठेवून रडले. एकदाच घडणारी गोष्ट माझ्या समोर घडली आणि मी तिचे चाळीस फोटो हवेत काढले.

"तुझे काका सकाळी विचारून गेले," लॅबवाला म्हणाला. "फोटो झाले का म्हणून."

"त्यांना सांगू नका. कुणालाच सांगू नका."

"मी कशाला सांगतोय?" तो म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला. माणूस भरवशाचा आहे.

२७ फेब्रुवारी

घरी सांगितलं, फिल्म वाळतेय. कलात्मक फिल्मला वेळ लागतो.

संध्याकाळी बाबा माझ्या खोलीत आले, दार लोटलं. "फोटोत धाकटा पुढे येताना दिसतोय ना? नाही, मला काही नाही, आपलं उगाच."

"दिसतोय बाबा."

सकाळी काकाने मला चहाला बोलावलं होतं. "साहेब, एक विचारू? दादाचा पाय आधी उचललेला दिसतो ना?"

"दिसतो काका."

दोन्ही डगरींवर हात ठेवणं म्हणतात ते हेच. खरं सांगायचं तर कोण आधी पुढे आलं ते मला माहीतच नाही. बटण दाबलं की कॅमेऱ्यातला आरसा वर जातो आणि डोळ्यासमोर क्षणभर अंधार होतो. नेमका जो क्षण आपण टिपतो तोच आपल्याला दिसत नाही. हे सरांनी फळ्यावर लिहिलं होतं आणि मला तेव्हा फार काव्यमय वाटलं होतं. आता वाटत नाही.

चौकट तयार झालीय. काकाने रुंद पट्टीची केलीय, कोपरे असे की सांधा बोटाला लागत नाही. बाबांनी काच कापली आणि ती पहिल्याच फटक्यात चपखल बसली. दोघांनी मिळून ती खांबावर टांगली. फोटो नसलेली, मागे नुसता पुठ्ठा. फोटो लागला की दोघांचं दुकान एक होणार म्हणून बाबांनी प्लायचे वरचे स्क्रू ढिले करून ठेवलेत.

दर गिऱ्हाईक विचारतं, "ही रिकामी का?" आणि दोघं एकदम सांगतात, "येतोय फोटो."

२ मार्च

भांडण. शेजारच्या शिंप्याने गमतीने विचारलं, "मग माघार कुणी घेतली म्हणायची?" बाबा म्हणाले, "माघार कसली? तो आला, मी जवळ घेतलं." काका पलीकडून म्हणाला, "कोण आला? मी कुठे आलो? तू आलास!"

"मी? मी फडका झटकत होतो."

"आणि मी केर काढत होतो!"

"फोटो येऊ दे, मग बघू."

"येऊ दे ना! मी काय घाबरतो?"

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. आणि ह्या तुरी तर कधी पिकल्याच नव्हत्या, हे फक्त मला ठाऊक. दुपारी बाबांनी चिठ्ठी सरकवली ती पलीकडे तशीच पडून राहिली. टकटक आली नाही. संध्याकाळी बाबांनी स्टूल घेतलं आणि प्लायचे स्क्रू परत आवळले. मला वर्ष गेलं तरी चालेल, खरंच चालेल, पण हे माझ्या एका चाकापायी परत तुटलं तर मी काय तोंड दाखवू? आत्या तर माझा गळाच धरेल.

३ मार्च

युक्ती सुचली. सुचतेच मला.

रोल कोराच आहे, सरांची सहीसुद्धा शाबूत. तोच परत घालायचा आणि मिठी परत मारायला लावायची. घरी सांगायचं की पहिले फोटो सुरेखच आलेत, पण सरांना दुसरा भागही हवाय, त्याच प्रसंगाची 'पुनरावृत्ती'. हा शब्द वापरला की कुणी प्रश्न विचारत नाही. 'मांडणी चालणार नाही' ही अट आहे खरी. पण सर काय 'हं'च म्हणणार.

प्रश्न एवढाच की भांडलेल्या दोघांना मिठी मारायला राजी कसं करायचं.

४ मार्च

आज फारसं काही घडलं नाही. काका लॅबमध्ये गेला होता, कुठल्यातरी ऑर्डरचं बघायला, बराच वेळ होता म्हणे. संध्याकाळी तो चक्क आमच्या घरी आला. दुकान वेगळं झाल्यापासून पहिल्यांदा! मी धसकलेच. बाबा आणि तो गॅलरीत उभे राहून हळू आवाजात बोलत होते. कोण आधी पुढे आलं त्यावरूनच चाललं असणार. मी पाणी घेऊन गेले तर दोघं एकदम गप्प झाले. काका घाईघाईने म्हणाला, "हवा छान आहे तुमच्याकडे." आमच्या गॅलरीसमोर गॅरेज आहे.

जाताना त्याने माझ्या डोक्यावर थोपटलं. मला अपराध्यासारखं वाटलं. चोराच्या मनात चांदणं.

५ मार्च

राजी झाले! दोघंही! मी 'पुनरावृत्ती' म्हटलं आणि बाबा लगेच म्हणाले, "हो, हो, करू की." मी तासभर पटवायची तयारी करून गेले होते. काकाकडे तर वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही त्याने. "कधी करायचं सांग साहेब. उजेड कधीचा हवा?"

माझ्या बोलण्यात एक प्रकारची ताकद आहे हे आज कळलं. पुढे माणसांचे फोटो काढायला उपयोगी पडेल.

दुपारी प्लायवर टकटक झाली. बाबांनीही उलट दोनदा टकटक केली, जे ते कधीच करत नाहीत.

८ मार्च

आज पुनरावृत्ती झाली. सविस्तर लिहिते, कारण अशी दुपार मी पाहिलेली नाही.

काका पेटी घेऊन आला. कॅमेऱ्याची चामड्याची पेटी, पॉलिश करून. "उघडावाघडा बरा दिसत नाही," म्हणाला. मी रोल घालायला आत निघाले तर दोघांनी अडवलं.

"इथेच घाल ना," बाबा म्हणाले. "जुना कॅमेरा आहे, बरं वाटतं बघायला."

"आठवणी असतात," काका म्हणाला.

मग मी काउंटरवर रोल घातला आणि दोघं दोन बाजूंनी वाकून बघत राहिले. मी फिल्मचं टोक दांड्यात खोचलं, लॅबवाल्याने सांगितल्याप्रमाणे एकदा ओढून बघितलं. काकाने श्वास सोडलेला ऐकू आला. लाकडाच्या भुशामुळे त्याला दम्यासारखं होतं.

फुटपाथवर उभे राहिले. फडका आणि केरसुणी मी मागवून घेतली, पहिल्यासारखं दिसायला हवं. आत्याच्या जागी रिकामी खुर्ची. आता खरा पेच. कोण आधी पुढे येणार? मी देवाचं नाव घेतलं.

"मी येतो," बाबा म्हणाले.

"छे, तू मोठा. मी येतो."

"अरे, मी येतो म्हणतोय ना!"

"दादा, तू उभा राहा गुपचूप."

पंधरवडाभर 'तो आला' म्हणून भांडणारी माणसं आता 'मी येतो' म्हणून भांडायला लागली. शेवटी ठरलं, तिनाला दोघांनी एकदम यायचं. एक, दोन, तीन, आणि दोघांची कपाळं एकमेकांवर आपटली. काकाचा चष्मा केरसुणीत जाऊन पडला. शिंपी दुकानातून बाहेर आला. बाबा हसायला लागले ते थांबेचनात. काकू माझ्या आईला म्हणाली, "आमच्या लग्नातसुद्धा हे एवढं हसले नव्हते." आई म्हणाली, "लग्नात काय हसतात? तेव्हा काही कळत असतं का?"

मी पुन्हा पुन्हा करायला लावलं. उजेड सरकला, परत करा. मध्ये सायकल आली, परत करा. दर वेळी दोघं मिठी मारायचे आणि मान वळवून माझ्याकडे बघायचे. मी सांगितलं, "माझ्याकडे नका बघू, सहज राहा," तर म्हणायचे, "हो, हो," आणि परत तेच. फोटो झाला की बाबा हळूच मान डोलवायचे आणि काका म्हणायचा, "चाललंय, चाललंय." मध्येच दम खायला दोघं पायरीवर बसले. काकाच्या कॉलरला भुसा लागला होता तो बाबांनी फुंकून काढला, कॉलर सरळ केली आणि त्याच्याच ग्लासातलं पाणी प्यायले. ते मी काढलं नाही. रोल वाया कशाला घालवायचा?

छत्तीस झाले आणि फिल्म पुढे ओढायचा खटका जागीच अडला. पुढे जाईना. आणि दोघं एका आवाजात ओरडले, "संपला!" काकाने तर टाळीच दिली. फुटपाथवर एवढं नाटक करायचा माणसाला कंटाळा येतोच, मी समजू शकते.

११ मार्च

आले! सगळे आले! लॅबवाला दात काढत म्हणाला, "ह्या वेळी जीभ आत होती." मी त्याला परत बजावलं की मागचं कुणाला कळता कामा नये. तो म्हणाला, "छे छे," आणि पुन्हा दुसरीकडे बघायला लागला.

मोठा फोटो करून आणला. बाबांनी काच पुसली, काकाने मागून खिळे मारले. मग दोघांनी दोन बाजूंनी धरून प्लाय काढलं. जमिनीवर त्याची एक लांब रेघ उरलीय, पुसून जात नाही. काकाने आपलं टेबल उचलून बरोबर त्या रेघेवर आणून ठेवलं. गिऱ्हाइकाने विचारलं, "पुढे कोण आलं होतं?" तर दोघं फोटोकडे बोट दाखवतात: "बघा की. दोघं एकदम."

मी निभावलं. कुणालाही काही कळू न देता एक अख्खं घर सांधलं. कुठे सांगता येत नाही एवढंच.

१७ मार्च

सबमिशन झालं. बाकीच्यांचे फोटो होते: पहिलं पाऊल टाकणारं बाळ, आगगाडी सुटताना, एकाने तर पडणारा दात टिपला होता. माझी पाळी आली. सरांनी चष्मा कपाळावर ढकलला, छत्तीसच्या छत्तीस फोटो बघितले. मग परत पहिल्यापासून बघितले.

"हं," ते म्हणाले. आणि मग, वर्षात दुसऱ्यांदा, पूर्ण वाक्य बोलले. "मिठी मारताना माणसं डोळे मिटतात. ही दोघं बघतायत कुठे?"

"कॅमेऱ्यात, सर."

"लेन्समध्ये नाही. लेन्सच्या जरा बाजूला, वर. सगळ्या फोटोंत. दोघंही. एकाच ठिकाणी." त्यांनी छत्तीसवा फोटो वेगळा काढून ठेवला. त्यात दोघांची तोंडं उघडी आहेत, 'संपला' म्हणायच्या बेतात. "मिठी मांडलेली आहे. पण हे नाही मांडलेलं. कसली एवढी काळजी करतायत?"

मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी काठावर पास केलं आणि शेरा लिहिला: 'तिथे काय होतं ते शोधा.'

येताना दुकानात गेले. फोटो खांबावर होता. मी विचारलं, "तुम्ही दोघं नेमके कुठे बघत होतात?" बाबांच्या हातातली काच कापायची हिरकणी मध्येच थांबली. "कुठे म्हणजे? तुझ्याकडेच." काका रेघेवरच्या टेबलापाशी पट्टी घासत होता, मान वर न करता म्हणाला, "साहेब, फोटो आला ना? झालं तर मग." आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि हसायला लागले. बाबांना तर ठसका लागला.

घरी येऊन कॅमेरा काढला. पेटीतून. आरशासमोर उभी राहिले, डोळ्याला लावला, आणि दुसरा डोळा उघडा ठेवून बघितलं की समोरच्या माणसाला लेन्सच्या बाजूला, वर, काय दिसत असेल. तिथे काही नाही. फक्त ते छोटं चाक आहे. मी खटका ओढला, बटण दाबलं. आत फिल्म नव्हती, चाक जागचं हललं नाही.

चाकाबद्दल मी घरात कुणालाही एक अक्षर बोललेले नाही. ठाऊक होतं ते फक्त लॅबवाल्याला.

हवा छान आहे तुमच्याकडे. आठवणी असतात. चाललंय, चाललंय. संपला. मी एकेक आठवतेय आणि कानशिलं तापतायत. मी त्यांच्यासाठी खोटं बोलत होते आणि ती दोघं फुटपाथवर, सगळ्या रस्त्यासमोर, कपाळं आपटून घेत माझं वर्ष वाचवत होती. रडू आलं. रडले. ह्या वेळी बोट कुठेही ठेवायचं नव्हतं.

आई स्वयंपाकघरातून ओरडतेय, "कार्टे, आरशासमोर किती वेळ?" बाबा आणि काका मिळून घरी येतायत, जेवायला. बोलू का त्यांना? सांगू का, की मला कळलं?

नको. इतक्या वर्षांनी दोघांमध्ये काहीतरी सामाईक आहे, दोघांत मिळून लपवलेलं. मी कशाला मध्ये प्लाय घालू.